आप्पांचं काळीज

“जेल गार लागेल जरा,” असं म्हणत पत्की मॅडमनी प्रोब माझ्या छातीवर डावीकडे टेकवला.

मी डाव्या कुशीवर झोपले होते, हात डोक्याखाली घेऊन. खोलीत आम्ही सगळ्या मुलीच. मुलांची बॅच शेजारी ट्रेडमिलवर होती. सोलापुरातल्या एका हॉस्पिटलच्या कॉलेजात हृदयतपासणीचा कोर्स करतानाचं ते माझं दुसरं वर्ष. ईसीजी काढायला हात बसला होता. आता इको शिकायचं होतं, म्हणजे सोनोग्राफीसारख्या मशीननं चालतं हृदय पडद्यावर बघायचं. शिकाऊ मुलींच्या हाती पेशंट कोण देणार? म्हणून आम्ही एकमेकींवरच शिकायचो. बारीक अंगाच्या माणसाचं चित्र स्वच्छ येतं, आणि आमच्यात सगळ्यात काडी मीच होते.

“निलोफर, वरून सांग.”

निलोफर माझी रूममेट. ती स्क्रीनवर बोट ठेवत म्हणाली, “हा उजवा कप्पा. हा डावा. ही महाधमनी. आणि हा दोन्ही कप्प्यांमधला पडदा.”

“पडद्याची जाडी मोज.”

तिनं मोजली. मग पुसून परत मोजली. “मॅडम, माझं काहीतरी चुकतंय. दुप्पट येतंय.”

“तिरकं मोजत असशील. इकडे आण.” मॅडमनी स्वतः मोजलं. मी मान वळवून त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. इको करताना मॅडम सतत बोलत असत, हे बघा, ते बघा. आता त्या गप्प झाल्या होत्या. मग मी स्क्रीनकडे पाहिलं.

परीक्षा जवळ आली होती म्हणून मी या आजाराचं प्रकरण आदल्याच आठवड्यात वाचलं होतं. पुस्तकातलं चित्र आणि स्क्रीनवरचं चित्र एकच होतं. मधला पडदा फुगून जाड झालेला, आणि दर ठोक्याला झडपेचं एक पान त्याच्याकडे ओढलं जाऊन रक्ताची वाट अडवणारं. फरक एवढाच की, पुस्तकातलं चित्र स्थिर होतं आणि हे हलत होतं. माझ्या श्वासाबरोबर हलत होतं.

पहिल्या वर्षी निलोफरनं माझा ईसीजी काढला तेव्हा पट्टीवर लाटा उलट्या आल्या होत्या. लीड, म्हणजे छातीला लावायच्या तारा, चुकीच्या लावल्या म्हणून तिला बोलणी बसली होती, आणि ती पट्टी आम्ही हसत हसत फाडून टाकली होती. लीड बरोबर होत्या.

“बाकीच्या शेजारच्या खोलीत जा,” मॅडम म्हणाल्या. मुली गेल्या. निलोफर दाराशी घुटमळली, मग तीही गेली.

“कालिंदा, चक्कर येते कधी?”

“नाही. जिना चढताना दम लागतो. मेसचं जेवण अंगाला लागत नाही, म्हणून असेल असं वाटायचं.”

“घरात कुणी लहान वयात अचानक गेलंय?”

“माझे वडील. आम्ही आप्पा म्हणायचो. मी लहान होते तेव्हा. ऊन लागून गेले.”

“ऊन लागलं असं कोण म्हणालं?”

मला सांगता येईना. आई म्हणाली होती, की मामा, की आम्ही मुलींनीच तसं धरून चाललो होतो? आमच्या घरात आप्पांचा विषय निघत नसे. ते गेल्यावर आई आम्हाला दोघींना घेऊन बार्शीजवळ मामाच्या गावी राहायला आली आणि पुन्हा सासरी गेली नाही. जमिनीवरून बिनसलं असेल असं मी समजत होते.

“ते काय करत होते त्या वेळी?”

“ओढ्यात कुणाची तरी बैलगाडी अडकली होती. चार माणसं ढकलत होती. त्यातच खाली पडले.”

मॅडमनी मशीनचा आवाज बंद केला. “भावंडं किती?”

“एक बहीण. उर्मिला. दहावीला आहे.” मी उठून बसले. “ती खो-खो खेळते, मॅडम. आज बार्शीला तिची फायनल आहे. यातूनच राज्याचा संघ निवडणार आहेत.”

मॅडमनी माझ्या छातीवरचं जेल स्वतः पुसलं. एरवी पेशंटच्या हातात त्या टिश्यू देत आणि पुढच्याला बोलावत. “शेवटचं काय ते हंचाटे सर सांगतील. ते उद्या येतायत. मी डॉक्टर नाही, कागदावर मला काही लिहून देता येणार नाही.”

“मला कळलंय, मॅडम.”

“कळलंय म्हणूनच सांगते. हा आजार रक्तातून येतो. तुझ्यात आहे म्हणजे तिच्यात असेलच असं नाही. निम्मी शक्यता. पण असला, तर माणसाला खाली पाडतो तो पळतानाच.” त्यांनी माझी ओढणी माझ्या हातात दिली. “तू जा. पण धावत जाऊ नकोस.”

आईकडे फोन नव्हता. मामाचा लागत नव्हता. उर्मीच्या खो-खोच्या सरांना, नाईकनवरे सरांना, मी एसटीतून पाच-सहा वेळा फोन लावला. एकदाच उचलला गेला. मागे लाऊडस्पीकर चालू होता. “नंतर बोलू, बाळ, टॉस चाललाय,” असं म्हणून त्यांनी ठेवला.

खिडकीशी बसून मी सारखी मनगटावर बोटं ठेवत होते. नाडी कशी लागते, कधी चुकते, चुकली तर काय होतं, हे सगळं मी मन लावून शिकले होते. वर्गात माझा पहिला नंबर असायचा. आता ते सगळं ज्ञान माझ्याच अंगात शिरून बसलं होतं. गाडी प्रत्येक फाट्यावर थांबत होती. म्हाताऱ्या बायका सावकाश चढत होत्या, कंडक्टर त्यांच्या गाठोड्यांना हात देत होता. खाली उतरून गाडी ढकलावी असं मला वाटत होतं, आणि ढकलणं म्हणजे काय ते लगेच आठवत होतं.

मैदानावर पोचले तेव्हा पहिला डाव संपत आला होता. चुन्याच्या रेघा, दोन टोकांना खांब, चारी बाजूंनी माणसं. उर्मीचा संघ पाठलाग करत होता. डाव संपल्याची शिट्टी झाली तशी मी गर्दीतून सरांपर्यंत गेले. चालत गेले.

“सर, उर्मीला आता खेळवू नका.”

“का? काय झालं?”

“तिच्या हृदयात दोष असू शकतो.”

“असू शकतो, का आहे?”

“माझ्यात सापडलाय. आज सकाळी. तो घराण्यातून येतो.”

सर वाईट माणूस नव्हते. आमच्या गावच्या पोरी चड्डी-बनियनवर मैदानात उतरणार म्हटल्यावर घराघरात जाऊन आयाबापांची समजूत घालणारा तो माणूस. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “रिपोर्ट आणलास?”

“उद्या मिळेल.”

“हे बघ बाळ, ही पोरगी तीन वर्षं माझ्यासमोर रोज पळतेय. एकदा खाली बसली नाही. माझा भाचा मेडिकलला आहे. त्यालासुद्धा दर परीक्षेला नवा आजार व्हायचा. शिकताना असं होतं. दुसरा डाव होऊ दे, मग तुम्ही म्हणाल त्या डॉक्टरकडे मी स्वतः नेतो तिला.”

तेच खरं असावं, असं तर मला वाटत होतं. ते आणखी दोन वाक्यं बोलले असते तर मी मान्य करून खाली बसले असते.

उर्मी घाम पुसत आली. “ताई, तू आलीस? आईपण आलीय, तिथं बघ.” मी तिला बाजूला घेतलं आणि सांगितलं. तिला आधी समजलंच नाही. मग ती हसली, माझा हात धरून तिनं स्वतःच्या छातीवर ठेवला. “हे बघ कसं वाजतंय. इंजिन आहे इंजिन.”

तिचा ठोका माझा तळहात उचलत होता. आत्ताच पळून आलीय, कुणाचंही असं लागेल, असं मी मनाला सांगितलं. पण हात काढून घ्यायची हिंमत होईना.

“उर्मी, आजचा दिवस नको खेळूस. माझं ऐक.”

“आजचाच दिवस आहे, ताई. समोर ते तिघं बसलेत ना, ते निवडणारे आहेत. मी आज शेवटपर्यंत उभी राहिले तर माझं नाव जाणार.” तिचा आवाज बदलला. “तुला काय झालंय ते तू बघ. माझं कशाला काढतेस?”

ती गेली. दुसऱ्या डावात त्यांच्या संघाला पळायचं होतं. उर्मी दुसऱ्या तुकडीत होती. पहिल्या तिघी बाद झाल्या की तिची पाळी.

आई मैदानाच्या कडेला, शाळेच्या भिंतीच्या सावलीत इतर बायकांत बसली होती. उर्मीचा सामना बघायला ती आयुष्यात पहिल्यांदा आली होती. चारचौघांत ती नेहमी अशीच बसायची, अंग चोरून, कुणाच्या नजरेत येऊ नये अशी. कुणी जरा मोठ्यानं बोललं तरी आधी हिचाच चेहरा पडायचा. मी तिच्याजवळ उकिडवी बसले आणि जेवढ्या साध्या शब्दांत सांगता येईल तेवढ्या साध्या शब्दांत सांगितलं. काळजाच्या आतली भिंत जाड होते. जन्मापासून असते. वरून माणूस ठणठणीत दिसतो. जोराचं काम केलं, पळलं, की ठोका एकदम बिघडतो आणि माणूस जागीच जातो.

आईनं आधी माझ्या तोंडावरून हात फिरवला. “तुला हाय हे?”

“हो. मशीनवर दिसलं.”

“आन् आप्पांना?”

“तेच असणार, आई.”

“मग ऊन?”

“ऊन नव्हतं.”

ती माझ्याकडे अशी काही बघायला लागली की मला वाटलं भीतीनं हिची वाचाच बसली. “परत सांग,” ती म्हणाली. “जन्मापासूनच हुतं त्यांच्या काळजात?”

“हो. पण आता उर्मीचं बघ. ती ऐकत नाही, सरही ऐकत नाहीत.”

तेवढ्यात पहिल्या तुकडीतली शेवटची मुलगी बाद झाली. पंचांनी खूण केली आणि उर्मी दोघींबरोबर आत शिरली. पाठलाग करणारी मुलगी तिच्या मागे लागली. उर्मी खांबाला वळसा घालून वाऱ्यासारखी सुटली. लोक ओरडायला लागले.

आई उठली. पदर डोक्यावर घेतला, चपला काढून ठेवल्या आणि चुन्याची रेघ ओलांडून सरळ मैदानात चालायला लागली. पाटावर बसावं तशा ओळीत बसलेल्या पोरी तिच्याकडे बघत राहिल्या. “ओ बाई, बाहेर व्हा,” पंच म्हणाले. त्यांनी शिट्टी वाजवली. “बाईच्या अंगात आलंय का काय,” कुणीतरी हसलं. आई थांबली नाही. ती खांबापाशी गेली, आणि उर्मी वळून आली तशी तिनं तिला दोन्ही हातांनी कमरेला धरलं.

“आई, सोड. मॅच चालूय.”

“न्हाई.”

“सोड म्हणते ना. लोक बघतायत.”

“बघू दे.”

उर्मीनं तिचे हात सोडवायचा प्रयत्न केला, नखं लावली. आई खाली बसली, पण धरलेलं सोडलं नाही. सर धावत आले. त्यांनी आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मग पंचांना सांगितलं, “ती दुखापतग्रस्त आहे. बाहेर घ्या.” तेवढा मोठेपणा त्यांनी दाखवला. सामना पुढे चालू झाला. उर्मीचा संघ हरला. निवड समितीची माणसं कागद गुंडाळून उठली तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून बसली होती, आणि सोलापूरच्या गाडीत ती आमच्याजवळ न बसता ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी हृदयाचे डॉक्टर हंचाटे सरांनी आधी मला तपासलं, आप्पा कसे गेले ते विचारून घेतलं, मग उर्मीला तपासलं. तिच्या तपासणीच्या वेळी मला आत थांबू दिलं नाही. मी आणि आई बाहेर बाकावर होतो. समोरून स्ट्रेचर जात होती, माझ्या वर्गातली मुलं पांढऱ्या कोटात फाइली घेऊन इकडून तिकडे चालली होती आणि मला बघून काय बोलावं न कळून पुढे जात होती. मी आतल्या मशीनचा आवाज ऐकायचा प्रयत्न करत होते. रक्ताच्या प्रवाहाचा तो सूंऽऽ आवाज कसा असला की बरा, कसा असला की वाईट, हे मला कळत होतं. दार जाड होतं.

“कालिंदा,” आई म्हणाली, “एक इचारू?”

“विचार.”

“बोलण्यानं माणूस मरतो का?”

मला वाटलं ती उर्मीला आदल्या दिवशी काही बोलली असेल. “नाही गं. काय बोललीस तू तिला?”

“तिला न्हाई.” ती समोरच्या भिंतीकडं बघत राहिली. “तुझ्या आप्पांना.”

आणि मग तिनं सांगितलं. मामाच्या घरी बारसं होतं, तिला जायचं होतं. आप्पा म्हणाले, सुगीचे दिवस आहेत, नको. शब्दाला शब्द वाढला. ती म्हणाली, “या घरात पाणी प्यायचा कंटाळा आलाय. एकदाची सुटका होऊ द्या माझी.” आप्पा न जेवता उठून गेले. दुपारी चार माणसांनी त्यांना उचलून आणलं. थोरल्या जाऊबाईंनी, ज्यांना आई आक्का म्हणायची, ते सकाळचं बोलणं ऐकलं होतं. अजून प्रेत दारात होतं तेव्हा त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, “झाली का गं सुटका?”

“तवापासनं सगळे तेच म्हणायचे. हिच्या जिभंनं गेला. उपाशी गेला, तळतळून गेला. भाऊजी काही बोलले न्हाईत, पण त्यांनी माझ्या हातचं पाणी घेणं सोडलं. मग मी तुम्हाला घेऊन निघाले.” तिनं पदरानं नाक पुसलं. “मलाबी तेच वाटायचं. दुसरं काय वाटणार? सकाळी बोलले आन् दुपारी गेले.”

अकरा वर्षं ती हे घेऊन मामाच्या घरात वावरत होती. आमच्यावर कधी आवाज चढवला नाही तिनं. मी त्याला तिचा स्वभाव समजत होते. घशाशी आलेला शब्द ती गिळत होती, माणसं मरू नयेत म्हणून.

मी काही बोलणार तोच दार उघडलं.

हंचाटे सर पन्नाशीचे, हळू बोलणारे गृहस्थ. त्यांनी आम्हाला आत बसवलं. उर्मी टेबलावर पाय सोडून बसली होती. “मोठीला आहे. धाकटीलाही आहे,” ते म्हणाले. “आणि धाकटीचं जास्त आहे. काल तिला थांबवलंत ते चांगलं झालं.”

“मी परत कधी खेळायचं?” उर्मीनं विचारलं.

“खो-खो नाही, बेटा.”

“म्हणजे किती महिने?”

सरांनी चष्मा काढला. “नाही म्हणजे नाहीच.”

ती रडली नाही. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, “तू इथं शिकायला आली नसतीस तर बरं झालं असतं.”

खरं सांगायचं तर त्या क्षणी मलाही तसंच वाटत होतं. मी गावातच राहिले असते, कुठंतरी बालवाडीत शिकवलं असतं, तर आम्ही दोघी काल जशा होतो तशाच आज असतो. काही दिवस का होईना.

पुढे उर्मीच्या छातीत एक छोटं यंत्र बसवलं, ठोका बिघडला तर आतूनच झटका देऊन तो सरळ करणारं. ते बसवून घेण्यासाठी काय खटपट करावी लागली ते सांगत बसत नाही. ती माझ्याशी कामापुरतंच बोलायची. मग एकदा कॉलेजच्या जिन्यात ते यंत्र खरंच चाललं. तिनं तिथूनच फोन केला, “ताई, पाठीत कुणीतरी लाथ घातल्यासारखं झालं, आणि वळून बघते तर कुणीच नाही.” मी म्हटलं, “बसून घे. मी आले.” ती म्हणाली, “येऊ नको धावत,” आणि आम्ही दोघीही फोन न ठेवता नुसत्याच एकमेकींचा श्वास ऐकत राहिलो. पण हे सगळं फार नंतरचं.

त्या दुपारी आई खुर्चीच्या कडेवर बसून होती. दोन्ही मुलींचं ऐकून झाल्यावर तिनं हात जोडले. “डागदरसाहेब, माणसाला कुणी टाकून बोललं, तो न जेवता रागानं घरातनं गेला, तर त्यानं हे होतं का?”

सरांना प्रश्नाचा रोख कळला नाही. “हे जन्माबरोबर येतं, बाई.”

“ते कळलं. पण मरण? ते बोलण्यानं येतं का?”

सर एकदम थांबले. त्यांनी आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पुस्तकात याचं इतकं सरळ उत्तर लिहिलेलं नसतं, हे आज मला माहीत आहे. त्यांना तेव्हाही माहीत असणार. “नाही,” ते म्हणाले. “गाडी ढकलताना जोर लागला, म्हणून गेले ते. कुणाच्या बोलण्यानं नाही.”

आई रडायला लागली. नर्सनं तिला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला, “धीर धरा मावशी, औषधं आहेत,” म्हणाली. दोन मुलींची आई रडते म्हटल्यावर दुसरं कुणी काय समजणार? आणि मी तिच्याकडे बघत असताना तिनं पदर तोंडावर ओढून घेतला, कारण त्या रडण्यात जे दुसरं होतं त्याची तिला लाज वाटत होती. लेकींच्या काळजात खोट निघाली आणि हिला हलकं वाटत होतं.

सर कागद ओढून विचारू लागले, “वडिलांकडचं रक्ताचं कोण कोण आहे? त्यांनाही तपासायला पाहिजे.”

“थोरले भाऊजी,” आई म्हणाली. “आन् त्यांची दोन पोरं. अमोल आन् रणजित.” आणि एकदम डोळे पुसून उठली. “कालिंदा, चल.”

“कुठं?”

“तिकडं. आजच.”

उर्मीला वॉर्डात निलोफरजवळ ठेवून आम्ही निघालो. आप्पांच्या गावाला मी अकरा वर्षांनी पहिल्यांदाच जात होते. वाटेत मी आईला म्हणाले, “आता सगळ्यांसमोर सांग त्यांना. आक्काला तोंडावर सांग.” मला तेच हवं होतं. माझं स्वतःचं काहीच सरळ होणार नव्हतं, निदान हे तरी व्हावं. आईनं तिकिटाचे पैसे मोजून कंडक्टरला दिले.

घर रस्त्याला लागूनच होतं. अंगणातल्या कडुलिंबाच्या फांदीला लोंबकळून एक दांडगा मुलगा व्यायाम करत होता. तो रणजित, सैन्यात भरती व्हायची तयारी करत होता. आप्पांचे थोरले भाऊ, आमचे आबा, ओट्यावर बसले होते. आक्का तुळशीपाशी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं आणि त्यांचा हात थांबला.

“कशापायी आलीस?”

“भांडायला न्हाई आले, आक्का,” आई अंगणाच्या कडेलाच उभी राहिली. “भाऊजी, ह्यांना काळजाचा आजार हुता. जन्माचा. माझ्या दोन्ही लेकींना तोच निघालाय. तुम्हाला, तुमच्या पोरांना असू शकतो. तपासून घ्या, एवढं सांगायला आले.”

“आता पापाला डागदरी नाव काढलंस व्हय?” आक्का म्हणाल्या.

मी पुढं झाले. रागानं माझे कान तापले होते. पण समोर रणजित फांदीवरून उतरून छातीवरचा घाम पुसत उभा होता, आणि तोंडून निघालं ते वर्गात शिकवलेलं. “पळताना कधी डोळ्यांपुढं अंधारी आली का?”

त्यानं बापाकडं पाहिलं. मग खाली. “दोनदा. एकदा पडलो होतो कालव्यावर.”

“कधी?” आक्का उठून उभ्या राहिल्या. सुपातले तांदूळ सांडले. “मला का न्हाई सांगितलंस?”

“उपाशी पळालो म्हणून झालं असं वाटलं.”

आबा ओट्यावरून खाली आले. अंगणाच्या मध्यावर येऊन थांबले. आप्पांना ते बापू म्हणत, त्याच नावानं म्हणाले, “मग आमचा बापू... त्यानंच गेला?”

“व्हय,” आई म्हणाली.

मी वाट बघत होते. आता ती बोलेल, अकरा वर्षांचं बोलेल. ती म्हणाली, “उद्या सकाळच्या गाडीनं दोघांनाबी घेऊन या. मी स्टँडवर थांबते. तवर त्याला पळू देऊ नका.”

आम्ही वळलो. फाटकाशी आक्का मागून आल्या, चप्पल न घालता. “कौशल्या, मी त्या दिवशी दारात जे बोलले...”

“ते ऱ्हाऊ द्या, आक्का,” आई म्हणाली. “पोराला उपाशी आणू नका. भाकर घालून आणा.”

दुसऱ्या दिवशी चौघंही आले. अमोल सुटला. आबांना होतं आणि रणजितला होतं. आज तो गावात दूध डेअरी चालवतो आणि दर वर्षी मीच त्याच्या छातीवर प्रोब ठेवते.

त्या संध्याकाळी फाट्यावर गाडीची वाट बघत आम्ही दोघी एका दगडावर बसलो होतो. ऊन उतरलं होतं. समोर ओढा होता, त्याच ओढ्यातून ती बैलगाडी काढली होती म्हणे. आईनं ओढ्यापलीकडच्या चढाकडं बोट केलं. मग तिनं माझ्याकडे न बघता सांगायला सुरुवात केली, “तुझ्या आप्पांना हा चढ चढताना दम लागायचा. मधीच थांबायचे आन् म्हणायचे, थांब गं, जरा चिंचेचं झाड बघू. चिंचेत काय बघायचंय? मी हसायचे त्यांना.” मग ती एकेक सांगत गेली. त्यांना कोणती भाजी आवडायची, ते झोपेत काय बडबडायचे, मी झाले तेव्हा त्यांनी गावात गूळ कसा वाटला.

गाडी आली तरी ती बोलतच होती.